रोगाचे नाव

घाटकोपरच्या भटवाडीत जा, मुलुंडच्या एखाद्या चाळीत जा, नाहीतर बोरिवलीच्या वझिरा नाक्यावर कुणाशी बोला. शेजारचा एखादा माणूस बरेच दिवस दिसला नाही म्हणून चौकशी केली, तर उत्तर हळू आवाजात येते : “त्याला टाटात नेलंय.” एवढे ऐकले की विचारणारा गप्प होतो. पुढे कोणी काही विचारत नाही.

टाटा म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. तेथे कर्करोगावर उपचार होतात. कर्करोग म्हणजेच कॅन्सर. पण तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही. रुग्णालयाचे नाव सांगायचे आणि रोगाचे नाव टाळायचे, अशी मुंबईची रीतच पडून गेली आहे. कोणी ‘मोठा आजार’ म्हणतात. कोणी नुसते ‘गाठ आली’ म्हणून थांबतात. आपल्याकडे खेड्यात रात्री सापाचे नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. नाव घेतले तर तो यायचा, अशी भीती. तशातलाच हा प्रकार आहे.

साहेबाच्या देशातही असेच आहे, बरे का! तिकडे लोक कॅन्सर न म्हणता ‘बिग सी’ म्हणतात. म्हणजे मोठा ‘सी’. कॅन्सर या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे घ्यायचे आणि पुढचे गिळून टाकायचे.

नाव टाळल्याने काय बिघडते, ते पाहू. समजा, एका बाईच्या छातीत गाठ लागली. दुखत नाही, म्हणून ती कोणाला सांगत नाही. नवऱ्याला कसे सांगायचे? सासूला तर नाहीच. मुलीच्या लग्नाचे बोलणे चालले आहे, लोकांना कळले तर सोयरीक मोडेल, ही भीती. दिवाळी जाते, होळी जाते. गाठ वाढते. मग एके दिवशी कातडी आत ओढली जाते, काखेतही गाठ लागते, आणि मग डॉक्टर. आधी आली असती तर लहान ऑपरेशनात भागले असते. आता उपचार मोठा, खर्च मोठा, आणि गुण येण्याची आशा कमी. त्या बाईचे नुकसान रोगाने केले तितकेच गप्प बसण्याने केले.

आता हा रोग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. हे काम हिशेबाने चालते. कधी कधी काही पेशींचा हिशेब चुकतो. त्या गरज नसताना वाढत सुटतात. त्यांची गाठ होते, किंवा रक्तात त्यांची गर्दी होते. पुढे त्या मूळ जागा सोडून दुसरीकडे जातात आणि तिथेही वाढतात. हाच कर्करोग. प्रत्येक गाठ मात्र कर्करोगाची नसते. कुठली कशाची, हे तिचा लहान तुकडा तपासल्यावर कळते. त्या तपासणीला बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढला की रोग पसरतो, असे पुष्कळ लोक म्हणतात. त्यात तथ्य नाही. त्या समजुतीपायी मात्र कितीतरी लोक तपासणी टाळतात.

हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. रोग्याची भांडी वेगळी ठेवणे, नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ न देणे, हे सगळे अज्ञान आहे, आणि त्याने रोग्याला रोगापेक्षा जास्त दुःख होते. ज्याला सर्दी-खोकला झाला आहे, त्याने मात्र रोग्यापासून दूर राहावे. कारण उलट आहे. औषधांनी रोग्याची ताकद कमी झालेली असते, त्याला आपली सर्दी बाधते.

टाटा रुग्णालयाची कथाही ऐकण्यासारखी आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. विलायतेत उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. पैसा होता, डॉक्टर होते, तरी माणूस गेले. पुढच्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या मागे त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला हे रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. १९५७ साली ते सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुशक्ती खात्याकडे आहे. अणुशक्तीचा आणि रुग्णालयाचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. गाठ जाळण्यासाठी जे किरण देतात, ज्याला लोक ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, ते त्याच विद्येतले आहे.

आज त्या रुग्णालयात देशभरातून रोगी येतात. आपल्या उपनगरातल्या लोकांना ते जवळ आहे, हे आपले भाग्यच म्हणायचे. मुलुंड-घाटकोपरच्या माणसाने धिम्या गाडीने परळला उतरावे. बोरिवली-अंधेरीच्या माणसाने प्रभादेवीला उतरावे. याच स्टेशनला २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत. पण जवळ म्हणजे सोपे नव्हे. शेक घ्यायचा तर आठवड्यातून पाच दिवस, कितीतरी आठवडे जावे लागते. सकाळच्या गर्दीत धडधाकट माणसाचा जीव घुसमटतो, तिथे आजाऱ्याचे काय?

लोकलगाडीत अपंगांचा एक वेगळा डबा असतो. कर्करोगाच्या रोग्यांनाही त्यात बसता येते. रुग्णालयाचा दाखला मात्र जवळ हवा. कारण कर्करोगाचा माणूस पुष्कळदा बाहेरून आजारी दिसत नाही. डब्यातली माणसेच विचारतात, “तुम्हाला काय झालंय हो?” मग सांगावे लागते. काही लोक तेवढ्यासाठी त्या डब्यात चढत नाहीत. गर्दीत उभे राहतील, लोंबकळतील, पण कोणाला कळू देणार नाहीत. आमच्या मते यात काही शहाणपण नाही. तो डबा तुमच्यासाठीच आहे.

या डब्यावरून आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्या घरांत रोग्यालाच रोगाचे नाव सांगत नाहीत. मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठतो आणि हात जोडतो : “बाबांना सांगू नका, ते खचतील.” बाबांना सांगतात की पोटात सूज आहे. आणि त्याच बाबांना धरून मुलगा त्या डब्यात चढवतो! डब्यावर कोणासाठी राखीव ते लिहिलेले असते. रुग्णालयाच्या दारावरही लिहिलेले असते. समजा, बाबा रात्रीच्या वर्गात नुकतेच वाचायला शिकले आहेत. त्यांना ते वाचता येणार नाही का? ते वाचतात आणि मुलाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसतात. मुलगा बाबांसाठी गप्प, बाबा मुलासाठी गप्प. एका खोलीत राहून दोघेही एकटे पडतात. रोग्याला जितके जाणून घ्यायचे आहे, तितके त्याला सांगावे. त्याने विचारले तर खोटे सांगू नये. एकदम सगळे सांगायलाच हवे, असेही नाही. पण त्याचे शरीर आहे, त्याचे पैसे आहेत, त्याला काही निरवानिरव करायची असेल. ते करायला वेळ मिळायला हवा.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट झाली आहे. तिचे नाव पॉडकास्ट. नाव इंग्रजी आहे, पण गोष्ट अगदी साधी. रेडिओवरचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो, चुकला की चुकला. पॉडकास्ट मोबाईलवर असतो. हवा तेव्हा लावा, नको तेव्हा थांबवा, पुन्हा तिथूनच पुढे ऐका. एक माणूस विचारतो, दुसरा सांगतो. कट्ट्यावर गप्पा चालाव्यात तसे. पुष्कळसे तर फुकट ऐकता येतात. बोरिवलीहून परळपर्यंतचा तास असाच निघून जातो. ज्याला अजून भरभर वाचता येत नाही, त्याला तर याचा फार उपयोग आहे.

अशा गप्पांतून लोक आता स्वतःच्या कर्करोगाबद्दल बोलू लागले आहेत. अतुल परचुरे हे आपल्या नाटक-सिनेमातले नावाजलेले नट. लोकांना हसवणारा माणूस. त्यांच्या यकृतात गाठ निघाली. २०२३ साली एका मुलाखतीत त्यांनी ती सगळी हकिकत स्वतः सांगितली. परदेशी फिरायला गेले असता अन्न जाईनासे झाले, तिथून सुरुवात. पहिल्या उपचाराने प्रकृती आणखी बिघडली, मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला, हेही त्यांनी लपवले नाही. त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी ते वारले. शेवट असा झाला, म्हणून त्यांचे बोलणे वाया गेले काय? एका डॉक्टरचे पटले नाही तर दुसऱ्याला विचारता येते, हे त्यांच्या तोंडून हजारो लोकांना कळले. शरद पोंक्षे हेही नट. त्यांनाही कर्करोग झाला. उपचार घेऊन ते २०१९ साली ‘हिमालयाची सावली’ या नाटकातून पुन्हा रंगभूमीवर आले, आणि आपल्या आजारपणावर त्यांनी पुस्तकही लिहिले. म्हणजे दोन्ही प्रकारची माणसे बोलली. बरा झालेला बोलला, आणि न वाचलेलाही बोलला. आम्हाला दोघांचेही बोलणे मोलाचे वाटते.

विलायतेत २०१८ साली बीबीसीने असाच कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावातच तो ‘बिग सी’ होता. तीन बायका बोलत. तिघींनाही कर्करोग झालेला. केस गेले की आरशात पाहताना काय वाटते, मुलांना काय सांगायचे, नवऱ्याशी कसे वागायचे, सगळे मोकळेपणाने, हसत हसत बोलत. त्यांतल्या रेचल ब्लँड सहा महिन्यांतच, सप्टेंबर २०१८ मध्ये वारल्या. उरलेल्या दोघींनी कार्यक्रम चालू ठेवला. दुसऱ्या डेबरा जेम्स या शाळेतल्या शिक्षिका. त्यांना आतड्याचा कर्करोग होता. रोज शौचाला गेल्यावर मागे वळून पाहा, रक्त दिसते का पाहा, असे त्या लोकांना न लाजता सांगत. जून २०२२ मध्ये त्याही गेल्या. ऐकायला हे अवघड वाटेल. पण रक्त पडते आहे हे सांगायची लाज वाटून किती माणसे उशिरा डॉक्टरकडे जातात, हे आपल्यालाही माहीत आहे. मूळव्याध असेल म्हणून सोडून देतात.

मोबाईलवर ऐकताना एक सावधपणा मात्र ठेवावा. तिथे जसा खरा माणूस बोलतो, तसा लबाडही बोलतो. अमुक पाला खा, तमुक चूर्ण घ्या, कॅन्सर आठ दिवसांत पळेल, शेक घेऊ नका, ऑपरेशन करू नका, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ओळखायचे कसे? जो आपले काय झाले ते सांगतो, त्याचे ऐकावे. जो पैसे मागतो, काही विकतो, किंवा चालू उपचार बंद करायला सांगतो, त्याला तिथेच बंद करावे. आणि एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. शेजारणीचा रोग छातीचा, तुमचा तोंडाचा. तिच्या गोळ्या तुमच्या कामाच्या नाहीत. तिचा धीर मात्र उसना घ्यायला हरकत नाही.

बोलल्याने प्राण वाचतात, हे मुंबईत मोजून पाहिले गेले आहे. १९९८ पासून टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठे काम केले. दीड लाख बायकांना त्यात घेतले. ३५ ते ६४ वर्षांच्या या बायका. तपासणारे कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, त्याच कामासाठी तयार केलेल्या बायका. यंत्र नाही, मोठा डॉक्टर नाही. त्या घरोघर जाऊन समजावत, बायकांना तपासणीला आणत. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पाहायचे. बिघडलेली जागा पांढरी दिसते. हाताने छाती तपासायची. दर दोन वर्षांनी असे करायचे. २०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने कमी झाले होते. छातीच्या तपासणीचा निकाल २०२१ साली आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू शेकडा ३० च्या आसपास कमी झाले. त्याहून तरुण बायकांत मात्र फरक दिसला नाही. जे झाले नाही, तेही डॉक्टरांनी सांगितले, हे आम्हाला आवडले.

आता कशाकडे लक्ष ठेवायचे? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीसारखे न उघडणे. छातीत गाठ. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे. आवाज बसून तो न सुटणे. यातले काही दिसले तर राजावाडी किंवा कूपरसारख्या जवळच्या महापालिकेच्या रुग्णालयात दाखवावे. आणि तंबाखू, मावा, गुटखा सोडावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण मिसरी आणि मळलेली तंबाखू अजून घराघरांत आहे. आपले गृहमंत्री राहिलेले आर. आर. पाटील २०१५ साली तोंडाच्या कर्करोगानेच गेले.

पैशाची चिंता मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे पुष्कळ उपचार होतात. ज्या रुग्णालयात ही योजना आहे तिथे ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. लाजू नये. लांबच्या प्रवासाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, तिचा कागद रुग्णालयातून घ्यावा.

उपनगरात राहणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक काम येते. गावचा पाहुणा! रत्नागिरीचा चुलता, साताऱ्याची आत्या टाटाला दाखवायला येते आणि दहा बाय बाराच्या खोलीत महिनोनमहिने राहते. घरात आधीच पाच माणसे. यजमानीण पहाटे उठून डबा करते, रोग्यासाठी वेगळे मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज. तिला कोणी विचारत नाही, “बाई गं, तू दमलीस का?” तिनेही बोलावे. तिनेही म्हणावे, आज मला जमणार नाही, दुसऱ्या कोणीतरी परळला जा. जागाच नसेल तर दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे रोग्यांची आणि सोबतच्या माणसांची सोय होते. पाहुण्याला तिथे ठेवले म्हणून नाते तुटत नाही.

औषध चढवल्यावर, म्हणजे केमोथेरपी झाल्यावर, केस जातात, तोंड येते, अन्नाची चव जाते. केस बहुधा परत येतात. पण ताप आला तर थांबू नये. १०० च्या वर पारा चढला की घरच्या घरी गोळी देऊन वाट पाहू नये, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. त्या दिवसांत साधा तापही जिवावर बेततो.

लहान मुलांना हा रोग होतो, हे ऐकून पोटात गोळा येतो. पण मुलांचा रक्ताचा कर्करोग आता पुष्कळदा पूर्ण बरा होतो. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने २००९ साली अशा बऱ्या झालेल्या मुलांचा एक गट सुरू केला. त्याचे नाव ‘उगम’. ही मुले आता मोठी झाली आहेत. ती नव्या आजारी मुलांना भेटतात, त्यांच्या आईबापांशी बोलतात. डॉक्टरने शंभरदा सांगितले तरी जे आईला पटत नाही, ते समोर उभा असलेला धडधाकट तरुण पाहिल्यावर पटते.

काहींचा रोग बरा होत नाही. तेही सांगायलाच हवे. तरी वेदना सोसत पडून राहायचे कारण नाही. वेदना कमी करण्याची औषधे आहेत, मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर त्यांना घाबरण्याचे कारण नाही. वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे. १९८६ साली ते सुरू झाले. शेवटच्या दिवसांतल्या रोग्यांसाठी असे घर आपल्या देशात त्याआधी नव्हते. तिथे रोग्याला धुऊन-पुसून, वेदना आवरून, माणसासारखे ठेवतात. पैसे घेत नाहीत.

डॉक्टरांसमोर गेले की मनातले सगळे विसरते. म्हणून एक साधी वही करावी. पहिल्या पानावर रोगाचे नाव लिहावे, स्वतःच्या हाताने, जसे डॉक्टरांनी सांगितले तसे. कुठल्या अवयवाचा, कितव्या पायरीचा, तेही विचारून लिहावे. मग औषध कधी चढवले ती तारीख, ताप किती होता, काय खाल्ले, कुठे दुखले. शेवटच्या पानावर पुढच्या खेपेला विचारायचे प्रश्न. कामावर कधी जाता येईल? तिखट खाल्ले तर चालेल का? मुलीच्या लग्नात उभे राहता येईल का? एक एक प्रश्न विचारावा आणि डॉक्टर सांगतील ते त्याच्यापुढे लिहून घ्यावे.